जुन्या पोर्शे ९११ चा गिअर सैल झालाय? शिफ्ट लिंकेजचे बुश निवडताना आणि बसवताना

१९८६ पर्यंतच्या पोर्शे ९११ मध्ये गिअरची दांडी पुढच्या दोन सीटांच्या मधे आणि गिअरबॉक्स मागच्या सीटच्याही मागे. दोघांना जोडणारा शिफ्ट रॉड गाडीच्या मधल्या टनेलमधून (तळातल्या बंद बोगद्यातून) मागे जातो. ही सगळी जोडणी म्हणजे शिफ्ट लिंकेज. या रॉडच्या दोन्ही टोकांना आणि वाटेत एका ठिकाणी प्लास्टिकचे छोटे बुश आहेत, म्हणजे हलणाऱ्या भागाला आत धरून ठेवणारी अस्तरं. इंजिन, गिअरबॉक्स, क्लच सगळं ठणठणीत असलं तरी हे बुश गेले की तिसरा शोधावा तर पाचवा लागतो, तिसऱ्यावरून चौथ्यात जाताना चुकून दुसरा पडतो. हा शेवटचा प्रकार सर्वांत महागात पडणारा. वरच्या वेगात दुसरा पडला आणि क्लच सोडला, तर इंजिनाचे फेरे मर्यादेच्या पार जातात आणि बिल व्हॉल्व्हपासून सुरू होतं.

आजकाल बाजारात या बुशना डझनभर पर्याय आहेत: मूळचं प्लास्टिक, डेलरिन, पॉलियुरेथेन, ब्राँझ, शिवाय पूर्ण धातूचे कपलर (रॉड आणि गिअरबॉक्स जोडणारा सांधा). जाहिराती वाचून वाटतं, जितकं कडक तितकं चांगलं. माझं मत वेगळं आहे. या लिंकेजमध्ये प्रत्येक जागेची हालचाल वेगळी आहे आणि मटेरियल त्या हालचालीवरून ठरवायचं. कडकपणावरून नाही.

आधी गाडी ओळखा

१९६३ मध्ये फ्रँकफर्टच्या प्रदर्शनात ही गाडी ९०१ या नावाने आली. मधे शून्य असलेल्या तीन आकडी नावांवर फ्रान्सच्या प्यूजो कंपनीने हक्क सांगितला, म्हणून पुढच्या वर्षी ती ९११ झाली. गिअरबॉक्सला मात्र जुनं ९०१ हेच नाव राहिलं. या गिअरबॉक्समध्ये पहिला गिअर डावीकडे मागे असतो आणि त्याच्या पुढे रिव्हर्स. १९७२ च्या मॉडेलपासून ९१५ गिअरबॉक्स आला. त्यात पहिला डावीकडे पुढे, पाचवा उजवीकडे पुढे आणि रिव्हर्स उजवीकडे मागे. १९८७ पासून जी५० आला. त्याचा क्लच हायड्रॉलिक, सिंक्रो (गिअर पडण्याआधी आतल्या भागांचे वेग जुळवणाऱ्या कड्या) वेगळे आणि लिंकेजही वेगळं. पुढचं सगळं मी ९१५ समोर ठेवून लिहितोय. ९०१ ला त्यातलं बरंचसं लागू होतं, जी५० ला नाही. स्पोर्टोमॅटिक या अर्ध-स्वयंचलित गिअरबॉक्सवाल्यांनी हा लेख सोडून दिला तरी चालेल.

ऑर्डर करताना वर्षापेक्षा पार्ट नंबर बघा. त्या काळच्या पोर्शेच्या नंबरातले पहिले तीन अंक तो भाग मुळात कोणत्या मॉडेलसाठी बनला ते सांगतात. म्हणून ९११ मध्ये ९०१, ९१४ किंवा ९३० ने सुरू होणारा भाग बसलेला दिसला तर दचकू नका. शिफ्टच्या भागांत मधला गट बहुतेक वेळा ४२४ असतो. शेवटचे दोन अंक सुधारित आवृत्तीचे. ते जुळत नसतील तर विक्रेत्याला विचारा.

आणखी एक. पन्नास वर्षांच्या गाडीत आधीच्या मालकांनी काय काय बसवलं असेल याचा भरवसा नाही. दांडीचा प्रवास कमी करणारं शॉर्ट शिफ्ट किट असेल, दुसऱ्याच कंपनीचा शिफ्टर (दांडी आणि तिची बैठक) असेल, कपलर बदललेला असेल. म्हणून उघडून बघितल्याशिवाय काहीही मागवू नका.

दोष नक्की कुठे आहे

दांडी वापरताना दोनच हालचाली होतात. दांडी पुढे-मागे केली की रॉड टनेलमध्ये सरकतो आणि गिअर पडतो. दांडी डावी-उजवीकडे केली की रॉड स्वतःभोवती थोडा फिरतो आणि गिअरची जोडी निवडली जाते: पहिला-दुसरा, तिसरा-चौथा किंवा पाचवा-रिव्हर्स. सरकण्यातला खेळ असेल तर गिअर अर्धवट पडतो. फिरण्यातला खेळ असेल तर चुकीची जोडी निवडली जाते. तुमची तक्रार कोणत्या प्रकारात बसते ते आधी ठरवा.

मग गाडी सपाट जागेवर लावा, चाकांना ठोकळे लावा, हँडब्रेक ओढा, इंजिन बंद. मागच्या दोन सीटांच्या मधला गालिचा उचला. टनेलवर स्क्रूने बसवलेलं एक झाकण दिसेल. ते काढलं की खाली कपलर दिसतो. शिफ्ट रॉड आणि गिअरबॉक्समधून बाहेर आलेला दांडा यांना जोडणारा तो सांधा. टॉर्च लावा. एक माणूस पुढे बसवा आणि त्याला दुसरा गिअर टाकून दांडी हळूहळू चारही दिशांना हलवायला सांगा. तुम्ही मागे बसून फक्त बघायचं.

दांडी हलतेय पण शिफ्ट रॉड जागचा हलत नाही, असा काही अंतराचा टप्पा दिसला तर दोष पुढे आहे. दांडीच्या खालच्या टोकाला गोळा असतो आणि तो रॉडच्या पुढच्या टोकातल्या प्लास्टिकच्या कपात बसतो. हा कप झिजला किंवा फुटला आहे. रॉड हलतो पण त्याच्या मागचा गिअरबॉक्सचा दांडा हलत नाही, तर दोष कपलरच्या बुशमध्ये किंवा पिनमध्ये. रॉड सरकण्याऐवजी वर-खाली किंवा आडवा डुलतो, तर मधला गाइड बुश गेला. आणि तिन्ही ठिकाणी काही दिसलं नाही, दांडा बरोबर हलतोय आणि तरी गिअर नीट पडत नाही, तर बुशची पाकिटं दुकानातच राहू द्या.

कारण मग प्रश्न दुसरीकडे आहे. क्लच पूर्ण दाबून काही सेकंद थांबून रिव्हर्स टाकला तरी खरखर होत असेल, तर क्लच पूर्ण सुटत नाही. केबल आणि तिचं ॲडजस्टमेंट बघा. फक्त एकाच गिअरला, बहुधा पहिल्या किंवा दुसऱ्याला, गाडी गरम झाल्यावरही खरखर होत असेल तर सिंक्रोवर संशय घ्या. थंडीत सकाळी पहिल्या काही किलोमीटरांत दुसरा जड जाणं ही ९१५ ची जुनी सवय आहे, त्याला दोष म्हणू नका. गिअरबॉक्सचं रबर माउंट फुटलेलं असेल तर सगळा गिअरबॉक्सच हलतो; तेव्हा नवे बुश घालून काही दिवस बरं वाटेल, पण मूळ दोष तसाच राहील.

मागे दिसणारा किंचित खेळ हाताला इतका मोठा का वाटतो, याचं कारण दांडीच्या भूमितीत आहे. समजा दांडीचा टेकूच्या वरचा भाग खालच्या भागाच्या चौपट लांब आहे. खाली अर्धा मिलिमीटर खेळ असेल तर मुठीशी तो दोन मिलिमीटर होतो. तीन ठिकाणी अर्धा-अर्धा असेल तर सहा. म्हणून एकच बुश बदलून ‘फरक पडला नाही’ असं म्हणणारे लोक अर्धे बरोबर असतात.

मटेरियल निवडताना

मूळच्या बुशचं प्लास्टिक काळाच्या ओघात ठिसूळ होतं. काढताना त्याचे तुकडे हातात येतात. ते खराब प्लास्टिक होतं असं यावरून ठरवू नका. कित्येक वर्षं त्याने काम केलेलं असतं.

नायलॉन आणि डेलरिन यांतला फरक समजून घेण्यासारखा आहे. डेलरिन हे ॲसिटल प्लास्टिकचं एक व्यापारी नाव. इंजिनिअर लोक त्याला पीओएम म्हणतात. नायलॉन चिवट असतं पण हवेतलं पाणी शोषतं. नायलॉन ६६ मध्यम दमट हवेत वजनाच्या सुमारे अडीच टक्के पाणी घेतं आणि त्यामुळे थोडं फुगतं. पीओएम पाणी फारच कमी घेतं, माप धरून राहतं आणि त्याचा घर्षणांकही कमी. सरकणाऱ्या पिनभोवती पीओएम चांगलंच. तोटा एवढाच की ते कमी लवचिक आहे. ताणून, दाबून एखाद्या गोळ्यावर चढवायचं असेल तर त्रास देतं, कधी तडकतं.

पॉलियुरेथेन सस्पेन्शनमध्ये शोभतं, जिथे बुशला थोडा पीळ आणि भरपूर दाब सहन करायचा असतो. सरकायच्या जागी ते धातूला चिकटतं, मग एकदम सुटतं, पुन्हा चिकटतं. गिअरच्या दांडीत हा अडखळता स्वभाव अजिबात नको. लाल-पिवळ्या रंगाचे सुंदर सेट मिळतात. त्यांचा रंग बघून पैसे देऊ नका.

ब्राँझ झिजत नाही असं लोक म्हणतात. झिजतं, आणि ते झिजलं नाही तर त्यात फिरणारी पिन झिजते. तेल लागतं, धूळ शिरली की किरकिरतं, आणि गिअरबॉक्सचा आवाज थेट तुमच्या तळहातापर्यंत आणतं.

थ्री-डी प्रिंटरवर बुश छापून घेण्याचा मोह हल्ली बऱ्याच जणांना होतो. सर्वसाधारण पीएलए साठ अंशांच्या आसपास मऊ पडायला लागतं. उन्हात बंद उभ्या असलेल्या गाडीत, गिअरबॉक्सच्या तोंडाशी, ते मला नको.

आता जागेनुसार.

कपलर. हा सांधा मुद्दाम थोडा मोकळा आहे. इंजिन आणि गिअरबॉक्स रबर माउंटवर बसलेले. ॲक्सिलरेटर दाबला-सोडला की ते थोडे हलतात, आणि ती हालचाल दांडीपर्यंत येऊ नये म्हणून मधे हा सांधा आहे. रस्त्यावर चालणाऱ्या गाडीला मी मूळ पद्धतीचेच प्लास्टिक बुश घालीन, किंवा चांगल्या मापाचे पीओएम. गाडी ट्रॅकवर नेणारे लोक पूर्ण धातूचे, गोलाकार बेअरिंगचे कपलर घालतात. अमेरिकेतल्या वेव्हो कंपनीचे कपलर त्यासाठी प्रसिद्ध आहेत. नेमकेपणा खरंच वाढतो. सोबत आवाज आणि थरथरही येते, आणि किंमत बुशच्या कित्येक पट. वर्षातून दोनदा रविवारी घाट चढणाऱ्या गाडीला ते कशाला, हे माझं मत. मोटरस्पोर्टवाल्यांनी रागावू नये.

पुढचा बॉल कप. इथे लवचिकपणा हवा, कारण कप गोळ्यावर टचकन चढला पाहिजे आणि मग सैल पडता कामा नये. मूळच्या पद्धतीचा कप घ्या. कडक कप हौशीने घेतलेले लोक तो बसवताना फोडतात.

मधला गाइड बुश. इथे रॉड सरकतोही आणि फिरतोही. भार कमी, पण धूळ आणि जुनं वाळलेलं ग्रीस भरपूर. पीओएम इथे सर्वांत शोभतं. मात्र रॉडवर गंज किंवा चरे असतील तर कोणतंही प्लास्टिक लवकर खाल्लं जाईल. आधी रॉडचा तेवढा भाग बारीक पॉलिश पेपरने गुळगुळीत करा.

बुश लेथवर करून घ्यायचे असतील तर

भारतात जुन्या ९११ मोजक्याच आहेत आणि परदेशातून मागवलेल्या छोट्या पाकिटावर कस्टम्स आणि कुरिअर मिळून मूळ किमतीपेक्षा जास्त खर्च होऊ शकतो. भोसरी-चिंचवडच्या पट्ट्यात पीओएमचा रॉड सहज मिळतो आणि असा बुश कातून देणारे टर्नरही. मी ते वाईट मानत नाही. पण मुंबई-कोकणात राहत असाल तर ‘नायलॉनचा करून देतो’ म्हणणाऱ्याला थांबवा. उन्हाळ्यात मोजून बसवलेला घट्ट नायलॉन बुश पावसाळ्यात पिन धरून बसेल. पीओएमच मागा.

जुन्या बुशचं माप टर्नरला देऊ नका, तो झिजलेला आहे. पिनचं माप व्हर्निअरने घ्या. झिजलेल्या जागेवर नाही, टोकाशी जिथे बुश कधी लागलेलाच नाही तिथे. झिजलेल्या आणि शाबूत जागेतला फरक नखाला लागण्याइतका असेल तर पिनही बदला. जुन्या पिनवर नवा बुश म्हणजे पैसे पाण्यात. पिन आणि बुश यांच्यात पाच ते दहा शतांश मिलिमीटर मोकळीक पुरे. बाहेरून मात्र बुश आपल्या घरात घट्ट बसला पाहिजे.

बसवताना

सगळे भाग एकदम मागवा, पण बसवताना मागून पुढे या: कपलर, मग गाइड बुश, मग बॉल कप. प्रत्येक टप्प्यावर दांडी हलवून बघा. कोणत्या बुशने किती फरक पडला हे कळतं, आणि पुढच्या वेळी दोष शोधायला दहा मिनिटं लागतात.

काही करण्याआधी टनेलबद्दल एक सूचना. त्यातून पेट्रोलच्या नळ्या, क्लचची केबल आणि ॲक्सिलरेटरचा दांडा जातो. तिथे ड्रिल चालवायचं नाही, स्क्रू ड्रायव्हरने आंधळेपणी टोचायचं नाही, उघडा दिवा लावायचा नाही. पेट्रोलचा वास आला तर बुशचं काम बाजूला ठेवून आधी त्या नळ्या बघा.

कपलरचा पुढचा भाग शिफ्ट रॉडवर क्लॅम्पने धरलेला असतो आणि मागचा भाग गिअरबॉक्सच्या दांड्यावर शंकूच्या टोकाच्या स्क्रूने. त्या स्क्रूला लॉकिंग वायर असते, म्हणजे तो सुटू नये म्हणून बांधलेली तार. गिअर न्यूट्रलमध्ये आणा. क्लॅम्प आणि रॉड दोघांवर मिळून एक सरळ रेघ ओढा आणि क्लॅम्पची कडा रॉडवर कुठे येते तीही खूण करा. मार्कर पुसला जातो. सुईने बारीक ओरखडा काढून त्यावर पांढरा रंग लावा. ही खूण सरकण्याची आणि फिरण्याची, दोन्ही जागा जपते. ती नसेल तर संध्याकाळ ॲडजस्टमेंटमध्ये जाईल.

मग वायर तोडा, शंकूचा स्क्रू काढा, क्लॅम्प ढिला करा, दांडी हलवून रॉड सरकवत जागा करा आणि कपलर बाहेर घ्या. टेबलाच्या व्हाइसमध्ये, जबड्यांना ॲल्युमिनियमच्या पट्ट्या लावून, पिन दाबून काढा. हातोडीने ठोकून काढता येते, पण मग कपलरचे कान वाकण्याचा धोका. जुन्या बुशचे तुकडे आणि काळं ग्रीस पूर्ण साफ करा. नवे बुश काही मिनिटं गरम पाण्यात ठेवले की सहज बसतात. पिन व्हाइसनेच सरळ दाबत आणा. तिरकी गेली तर थांबा, मागे घ्या, पुन्हा लावा. कपलर हाताने फिरवून बघा. खेळ जाणवायला नको आणि अडकायलाही नको. अडकत असेल तर बुश फार घट्ट आहे. ‘चालवून रुळेल’ या भरवशावर बसवू नका.

ग्रीस थोडंच लावा. नायलॉन आणि पीओएमला चांगलं लिथियम किंवा सिलिकॉन ग्रीस चालतं. पॉलियुरेथेन घातलंच असेल तर त्याच्यासोबत आलेलं सिलिकॉन ग्रीस वापरा. टनेलच्या मागच्या टोकाला दांड्याभोवती रबरी बूट असतो; तो फाटला असेल तर आत्ताच बदला, नाहीतर रस्त्यावरचं पाणी आणि माती थेट नव्या बुशवर येईल.

पुढच्या बाजूला शिफ्टरची बैठक बोल्ट काढून उचलली की बॉल कप आणि गाइड बुश हाताशी येतात. कप उकळत्या पाण्यातून काढून लगेच गोळ्यावर दाबा. इथे जोर लागतोच, पण जोर सरळ रेषेत लावा. शिफ्टरमधली स्प्रिंग आणि टेकूचे बुशही बघून घ्या. सगळं उघडं असताना पाच मिनिटांचं काम आहे.

ॲडजस्टमेंट आणि तपासणी

खुणा जुळवून क्लॅम्प आवळला, शंकूचा स्क्रू घट्ट केला, की इंजिन सुरू न करता सहाही गिअर टाकून बघा. इंजिन बंद असताना एखादा गिअर पडत नसेल तर घाबरू नका. आतले दात समोरासमोर आलेले असतात. गाडी जरा पुढे-मागे ढकला, पडेल.

खुणा बरोबर असूनही सुधारणा लागू शकते, कारण झिजलेल्या बुशबरोबर कुणीतरी पूर्वी ॲडजस्टमेंट ओढून-ताणून जुळवलेलं असतं. पहिला-तिसरा-पाचवा खोल जातात आणि दुसरा-चौथा कडेवर अडकतात किंवा ॲक्सिलरेटर सोडताना उडून बाहेर येतात, तर रॉडची लांबी चुकलीय. क्लॅम्प ढिला करून रॉड किंचित सरकवा. एका बाजूची जोडी सहज मिळते आणि दुसऱ्या बाजूची दाबून शोधावी लागते, तर फिरण्याचा कोन चुकलाय. एका वेळी एकच बदल, तोही एक-दोन मिलिमीटरचा. दोन्ही एकदम बदलले तर काय सुधारलं ते कळत नाही. सुरुवातीची नेमकी जागा वर्कशॉप मॅन्युअलमध्ये तुमच्या गिअरबॉक्ससाठी दिलेली असते, तिथूनच निघा.

मग इंजिन सुरू करून, गाडी गरम झाल्यावर, मोकळ्या रस्त्यावर चालवा. ९१५ ला घाई आवडत नाही. न्यूट्रलमध्ये क्षणभर थांबून गिअर टाका. म्हणूनच बुश नवे झाल्याच्या आनंदात लगेच शॉर्ट शिफ्ट किट मागवू नका. दांडीचा प्रवास कमी झाला की हाताचा जोर वाढतो, आणि तो जोर सिंक्रोवर पडतो. प्रत्येक गिअरमध्ये ॲक्सिलरेटर दाबा आणि सोडा, गिअर उडतो का बघा. पाचव्यात आणि रिव्हर्समध्ये दांडी सीटला किंवा हँडब्रेकला लागत नाही ना, तेही तपासा.

झाकण आणि गालिचा लगेच बंद करू नका. दोन-चार फेऱ्यांनंतर क्लॅम्पचा बोल्ट पुन्हा आवळून बघा, खुणा सरकल्या नाहीत ना याची खात्री करा, मग शंकूच्या स्क्रूला नवी लॉकिंग वायर घाला आणि झाकण लावा.